सागवानी सुहैली, पोलादी जोशुआ

14 जून 1968 रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळच्या फाल्मथ बंदरातून एक ठेंगणी, रुंद, सागवानी नाव बाहेर पडली. लांबी जेमतेम साडेबत्तीस फूट. तिच्यानंतर 69 दिवसांनी, 22 ऑगस्टला, प्लिमथहून दुसरी निघाली. ही तांबड्या रंगाची, पोलादी, साडेएकोणचाळीस फुटी. दोघींना दोन-दोन डोलकाठ्या, दोघींवर एकेकटा माणूस. 'संडे टाइम्स'ने जाहीर केलेली शर्यत अशी होती की कुठल्याही बंदराला न लागता, कुणाची मदत न घेता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परत यायचं. तोवर हे कुणी केलेलं नव्हतं. दक्षिण अमेरिकेचं टोक, केप हॉर्न, पहिलीने 17 जानेवारी 1969 ला ओलांडलं आणि दुसरीने 5 फेब्रुवारीला. 69 दिवसांचं अंतर 19 वर आलं होतं.

पुढचं नौकानयनाच्या जगात सर्वांना ठाऊक आहे. पहिलीवरचा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 22 एप्रिल 1969 ला फाल्मथला परतला आणि शर्यत पूर्ण करणारा एकमेव ठरला. दुसरीवरच्या बर्नार म्वातेसियेने अटलांटिकमध्ये शिरल्यावर बक्षिसाकडे पाठ फिरवली, पुन्हा आफ्रिकेच्या टोकाला वळसा घातला आणि 21 जून 1969 ला थेट ताहितीला नांगर टाकला. या दोन माणसांवर आजवर इतकं लिहिलं गेलं आहे की त्यांच्या नावा मागे पडल्या. एक जिंकणारा, दुसरा संन्यासी, अशी जोडी जमली की लिहिणाऱ्याला सोयीचं पडतं. मला कुतूहल आहे ते त्यांच्या पायाखालच्या फळ्यांचं आणि पत्र्याचं. आज कुणाला जुनी, दोन डोलकाठ्यांची नाव घेऊन खोल समुद्रात लांब जायचं असेल, तर या दोघींपैकी कुणाच्या वंशातली बघावी? त्यातली एक आपल्या कुलाब्यात बांधलेली आहे, हे मुंबईच्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

दोन डोलकाठ्यांच्या या मांडणीला केच म्हणतात. पुढची डोलकाठी मोठी, मागची लहान, आणि मागची सुकाणूच्या खुंटाच्या पुढे उभी. ती खुंटाच्याही मागे सरकली आणि तिचं शीड अगदीच बारीक झालं की ती यॉल. आपल्या किनाऱ्याला दोन डोलकाठ्या नवीन नाहीत. मराठ्यांच्या आरमारातलं गलबत दोन डोलकाठ्यांचंच, आणि त्याची मागची डोलकाठी बारीक असे, हे अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांतही आलं आहे. त्याची शिडं निराळी, काम निराळं. तेव्हा गलबत आणि केच यांचं नातं जोडायच्या भानगडीत मी पडणार नाही.

केचचा फायदा साधा आहे. एकट्या माणसाला चढवता, उतरवता, गुंडाळता येईल एवढंच प्रत्येक शीड ठेवायचं, आणि एकूण कापड दोन काठ्यांवर वाटून टाकायचं. 1960 च्या दशकात दोर ओढायची चक्रं आजच्याइतकी ताकदवान नव्हती, पुढचं शीड नळीभोवती आपोआप गुंडाळणारी यंत्रं भरवशाची नव्हती. मोठं एकच शीड भर वाऱ्यात, ओल्या हातांनी, डोलणाऱ्या डेकवर आवरणं म्हणजे जिवाशी खेळ. वादळ चढलं की केचवाला मधलं मोठं शीड सरळ उतरवून ठेवतो. पुढचं छोटं आणि मागचं छोटं, एवढ्यावर नाव चालत राहते, आणि दोन्ही टोकांना थोडं थोडं कापड असल्याने तोलही राहतो. हा तोल महत्त्वाचा. मागचं शीड किंचित सैल केलं, पुढचं किंचित घट्ट केलं, की सुकाणूला हात न लावता नाव बराच वेळ एका दिशेला धरून ठेवता येते. एकट्या माणसाला झोपायचं असतं.

याची किंमतही मोजावी लागते. तारा, कप्प्या, दोर सगळं जास्त. वाऱ्याच्या तोंडावर चढताना मागच्या शिडाला पुढच्याने गढूळ करून सोडलेला वारा मिळतो आणि ते फारसं ओढत नाही. पाठीवरच्या वाऱ्यात तेच मागचं शीड पुढच्याचा वारा अडवतं. म्हणून शर्यतवाल्यांनी केच कधीच सोडली. हिंडणाऱ्यांनी मात्र ती बराच काळ धरून ठेवली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

*

सुहैलीची गोष्ट मुंबईत सुरू होते. नॉक्स-जॉन्स्टन ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता आणि मुंबई हा त्याचा तळ होता. नोकरीतल्या सोबत्यांबरोबर त्याच्या डोक्यात आलं की इथेच एखादी नाव बांधावी आणि तिच्यातूनच घरी जावं. एका मासिकात पाहिलेल्या नावेचे आराखडे त्यांनी इंग्लंडच्या पूल गावातल्या एका कंपनीकडून मागवले. आले ते दुसऱ्याच, कितीतरी जुन्या नावेचे: विल्यम ॲटकिन या अमेरिकन आरेखकाने 1920 च्या दशकात काढलेल्या 'एरिक'चे. परत पाठवून नवे मागवायला वेळ नव्हता. लाकूड कापायला घेतलं.

आराखडा जुना होता, पण त्याचं घराणं खानदानी होतं. ॲटकिनने 'एरिक' बेतली ती नॉर्वेच्या कॉलिन आर्चरच्या बचावनौकांवरून. आर्चर 1832 चा, लार्विक गावचा, स्कॉटिश आईबापांचा मुलगा. हिवाळ्याच्या उत्तर समुद्रात बुडणाऱ्या कोळ्यांना वाचवायला जाणाऱ्या नावा त्याने आखल्या, तेव्हा वेगाचा प्रश्नच नव्हता. कुठल्याही हवेत बाहेर राहायचं आणि परत यायचं, एवढीच अट होती. त्यामुळे त्या जड, पोटाशी रुंद, तळाला लांब कणा असलेल्या, आणि दोन्ही टोकांना निमुळत्या. मागचं टोकही नाळेसारखंच टोकदार. पाठीमागून येणारी लाट सपाट फळीवर आदळण्याऐवजी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावी, ही त्यामागची समजूत. या समजुतीवर आजही वाद आहे, कारण टोकदार मागच्या भागाला उचलणारं पाणी कमी मिळतं आणि डेकवर जागाही उरत नाही. पण अर्जेंटिनाच्या वितो दुमासने 1942-43 मध्ये दक्षिण महासागराची एकट्याने फेरी मारली ती अशाच दोन्हीकडून निमुळत्या केचमधून, आणि पुढे या जातीच्या नावांचं नाव निघालं ते त्यामुळेही.

कुलाब्याच्या वर्कशॉपात 1963 साली काम सुरू झालं. कणा, बरगड्या, फळ्या सगळं साग. सुतारांची हत्यारं वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता. डोळ्यांच्या अंदाजाने लाकूड तासणारे हात. मुंबईच्या सागाची परीक्षा तोवर झालेलीच होती. 1817 साली वाडियांनी मुंबईत बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतंय. सागात स्वतःचं तेल असतं. त्यामुळे तो कुजत नाही आणि पाण्यातली लाकूड पोखरणारी कीड त्याच्या वाटेला फारशी जात नाही. त्याचं वजन मात्र जबर. नॉक्स-जॉन्स्टनने आराखड्यातली जुनी चौकोनी शिडं बदलून उंच तिकोनी घेतली, बाकी 'एरिक' तशीच ठेवली. 19 डिसेंबर 1964 ला तिच्या नाळेवर नारळ फुटला. फोडला मुंबईतल्या एका परदेशी वाणिज्यदूताच्या पत्नीने, आणि नाव ठेवलं सुहैली: इराणच्या आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला म्हणतात ते.

1965 च्या अखेरीस नॉक्स-जॉन्स्टन, त्याचा भाऊ ख्रिस आणि हाइन्झ फिंगरहूट हा मित्र, असे तिघं तिच्यातून निघाले. आफ्रिकेच्या दक्षिणेला पैसे संपले, तिथे नोकऱ्या केल्या, आणि पुढे केप टाऊन ते इंग्लंड हा टप्पा कुठेही न थांबता 74 दिवसांत काढला. म्हणजे शर्यतीच्या आधी ही नाव अर्धं जग बघून आलेली होती. तरीही शर्यतीसाठी त्याला ती नको होती. कॉलिन मुडी या आरेखकाकडून त्याने त्रेपन्न फुटी पोलादी स्कूनर आखून घेतली होती. पैसे देणारा कुणी भेटेना. सुहैली विकून पैसे उभे करायचा विचारही झाला. जमलं नाही, म्हणून तो घरच्या नावेतून गेला. त्याच्या थोरवीच्या कथांमध्ये हा तपशील ओझरता येतो. मला तो मोलाचा वाटतो, कारण ज्याने सागवान जगप्रसिद्ध केला त्यालाही मनातून पोलादच हवं होतं.

*

म्वातेसियेला पोलाद का हवं होतं हे विचारायची गरज नाही. त्याच्या दोन नावा गेल्या होत्या. तो हनोईत जन्मला, इंडोचायनात वाढला. 'मारी-तेरेझ' नावाच्या, सयामच्या आखातातल्या घडणीच्या लाकडी जंकमधून हिंदी महासागर ओलांडताना ती सतत गळत होती, आणि 1952 साली दिएगो गार्सियाच्या खडकांवर संपली. दुसरी त्याने मॉरिशसमध्ये बांधली. तीही 1958 साली वेस्ट इंडीजमध्ये, तो झोपेत असताना, किनाऱ्यावर चढली. या दोन नावांवर त्याने पुस्तक लिहिलं. ते बर्गंडीतल्या शोफाय गावच्या जाँ फ्रिकोने वाचलं. फ्रिकोचा कारखाना बॉयलर बनवायचा, आणि त्याला पोलादी नावा बांधायच्या होत्या. त्याने म्वातेसियेला मालाच्या खर्चातच सांगाडा जोडून द्यायची तयारी दाखवली. आराखडा जाँ क्नोकेरचा. 1962 च्या सुमारास, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, 'जोशुआ' तयार झाली. नाव जोशुआ स्लोकमवरून, ज्याने 1898 साली जगात पहिल्यांदा एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली होती.

आकार बघितला तर ती सुहैलीची थोरली बहीण. दोन्ही टोकं निमुळती, तळाला लांब कणा, सुकाणू मागे बाहेर टांगलेलं. फरक साहित्याचा आणि मिजाशीचा. पैसे नसल्याने म्वातेसियेने डोलकाठ्यांना अखंड तारखांब वापरले. काठ्यांना ताणून धरणाऱ्या तारा महागड्या स्टेनलेसच्या नव्हत्या, साध्या जस्ताचा मुलामा दिलेल्या होत्या. गंजू लागल्या तर डोळ्यांना दिसतात, आणि कुठल्याही बंदरात तशाच दुसऱ्या मिळतात. सुकाणूच्या मागच्या कडेला एक छोटी फळी, तिला जोडलेलं वाऱ्याचं पातं. वारा फिरला की पातं फळी वळवतं आणि फळी सुकाणूला. यात बिघडण्यासारखं काही नव्हतंच. या आराखड्याच्या आणखी सत्तरच्या आसपास नावा त्याच कारखान्याने पुढे बांधल्या.

1965-66 मध्ये म्वातेसिये आणि त्याची पत्नी फ्रान्स्वाझ ताहितीहून केप हॉर्नमार्गे स्पेनच्या आलिकांतेला आले. 14,216 सागरी मैल, 126 दिवस, मध्ये कुठेही थांबा नाही. दक्षिण प्रशांत महासागरातल्या वादळात प्रथेप्रमाणे त्यांनी नाव हळू करण्यासाठी मागे लांब दोर सोडले होते. तरी लाटा डेकवर कोसळत होत्या. तेव्हा म्वातेसियेला दुमासची रीत आठवली. त्याने सगळे दोर कापून टाकले आणि नावेला लाटेपुढे थोडी तिरकी, मोकळी धावू दिली. जोशुआ वाचली. मागे दोर ओढावेत की नावेला धावू द्यावं, हा दूरच्या समुद्रावर जाणाऱ्यांमधला जुना वाद आहे, आणि या प्रसंगाचा हवाला दोन्ही बाजू देतात. माझ्या मते यातून एवढंच दिसतं की तेरा टनांचा तो सांगाडा त्या वेगाने पळताना सुकाणूला मानत होता. प्रत्येक नाव मानेलच असं नाही.

*

आता काय मोडलं ते. दोन जुन्या नावांची तुलना करायची तर लांबी-रुंदीचे तक्ते थोडे बाजूला ठेवून मोडतोडीची यादी वाचावी, असं माझं मत आहे. काय तुटलं, कुठे तुटलं, आणि नावेवर होतं तेवढ्याच सामानानिशी एकट्या माणसाला ते सांधता आलं का.

सुहैलीची यादी लांबलचक आहे. अटलांटिकमध्ये उतरून काही आठवडेच झाले असतील, तेव्हा ती पाणी घेऊ लागली. कणा आणि पहिली फळी यांच्या सांध्यात, दोन्ही बाजूंनी, कित्येक फूट लांबीची फट उघडली होती. हा लाकडी नावेचा सनातन दुखरा भाग. कण्याला टांगलेलं सगळं ओझं आणि डोलकाठीचा दाब याच ओळीवर येतो, समुद्र नावेला पिळतो, आणि फटीत ठासलेला कापूस हळूहळू बाहेर येतो. केप व्हर्दे बेटांच्या दक्षिणेला नॉक्स-जॉन्स्टन श्वास रोखून पाण्याखाली उतरू लागला. फटीत कापूस ठोकायचा प्रयत्न केला, तो राहीना. मग त्याने कापूस कॅनव्हासच्या लांब पट्टीवर शिवला, पट्टीला डांबर लावलं आणि ती फटीवर खिळ्यांनी ठोकली. वरून तांब्याचा पातळ पत्रा. तेवढ्यात एक शार्क घिरट्या घालू लागला. तो बंदुकीने मारला, आणखी येत नाहीत ना याची वाट पाहिली, आणि पुन्हा उतरला. ती गळती पुढे त्याला परत फिरवण्याइतकी झाली नाही.

सप्टेंबर 1968 मध्ये दक्षिण महासागरात सुहैली आडवी झाली. केबिनचं छत जागचं हललं. पुढे कळलं की टाक्यांतलं गोडं पाणी नासलंय. त्यानंतर तो पावसाचं पाणी धरत गेला. रेडिओ बंद पडला. वाऱ्यावर चालणारी सुकाणूची यंत्रणा मोडत मोडत ऑस्ट्रेलियाजवळ कायमची संपली. न्यूझीलंडच्या ओटागोजवळ नाव वाळूत रुतली, भरतीला निघाली. तिथून पुढे चार महिन्यांहून जास्त काळ जगाला त्याचा पत्ताच नव्हता. सुकाणू धरणारी यंत्रणा नसताना प्रशांत महासागर आणि केप हॉर्न त्याने कसा पार केला? उत्तर आधी सांगितलेल्या तोलात आहे. पुढचं शीड आणि मागचं शीड यांची जुळवाजुळव करून तो नावेला तिच्या दिशेवर ठेवी आणि झोपी जाई. एकाच डोलकाठीच्या नावेला हे जमतं, पण इतकं सहज नाही. सुहैलीचा केच असण्याचा खरा उपयोग झाला तो इथे.

जोशुआच्या यादीत एकच मोठी नोंद आहे, आणि ती समुद्राने केलेली नाही. आफ्रिकेच्या टोकाजवळ म्वातेसियेला आपली पत्रं आणि फिल्म एका मालवाहू जहाजाकडे द्यायची होती. फार जवळ गेला, आणि जहाजाच्या पोटाशी टक्कर झाली. नाळेपुढे काढलेला दांडा, जो जाड पोलादी नळीचा होता, वाकडा झाला. लाकडी दांडा असता तर तुटून गेला असता, आणि त्याला बांधलेल्या तारा सैल पडून मोठी डोलकाठीही गेली असती. म्वातेसियेने दोन दिवसांनी कप्प्या-दोरांची जोडणी केली, तरफेसाठी एक वासा घेतला, आणि समुद्रातच तो दांडा ओढून जवळजवळ सरळ केला. पुढे दक्षिण महासागरात जोशुआही काही वेळा आडवी झाली. काहीही मोठं मोडलं नाही.

सुहैलीवर माणूस सतत दुरुस्ती करत होता. जोशुआवर त्याला वेळ मिळत होता. योगासनं, पक्ष्यांना खाऊ घालणं, वाचन, आणि अखेर घरी न जाण्याचा निर्णय, यासाठी लागणारी मोकळीक त्या पोलादाने त्याला दिली असं म्हटलं तर त्याच्या भक्तांना ते फार रुक्ष वाटेल. पण खालून पाणी येत असताना आत्म्याचा विचार कुणी करत नाही.

वेगाचं गणित थोडक्यात. अशा जड नावेचा वरचा वेग पाण्याला टेकणाऱ्या लांबीवर ठरतो: त्या लांबीच्या फुटांचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला 1.34 ने गुणायचं. सुहैलीची पाण्यावरची लांबी 28 फूट, म्हणजे सात नॉटांच्या जरा वर. जोशुआची सुमारे 34 फूट, म्हणजे पावणेआठच्या आसपास. फरक पाऊण नॉटाचा. प्रत्यक्षात सुहैलीने 312 दिवसांत 30,123 मैल काटले, ताशी चार नॉट. जोशुआने 303 दिवसांत 37,455 मैल, ताशी पाच नॉटांहून जास्त. लांबीने देऊ केलेल्या फरकापेक्षा हा फरक मोठा आहे. म्वातेसियेने निघण्यापूर्वी इंजिनासकट नको ते सगळं किनाऱ्यावर उतरवलं होतं आणि निघाल्यावरही वजन समुद्रात फेकत राहिला. सुहैली धान्याच्या कोठारासारखी भरून निघाली होती. जुनी नाव घेणारे लांबी बघतात, डोलकाठी बघतात. आपण आत काय काय कोंबणार आहोत ते बघत नाहीत.

*

दोघींचं पुढचं आयुष्य या तुलनेत शर्यतीइतकंच बोलकं आहे.

सुहैली पुढेही चालत राहिली. 1991 साली नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टनला घेऊन ग्रीनलंडला गेला. त्यानंतर ती ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली गेली. तिथली हवा कोरडी, तापमान नेमकं. कागदाला, चित्रांना उत्तम. साग आक्रसू लागला. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात फुगून एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या फळ्या सुटू लागल्या, आणि 2002 मध्ये मालकाने तिला तिथून बाहेर काढलं. नंतर कित्येक वर्षं तो स्वतः तिची डागडुजी करत होता. लाकडी नावेला समुद्राइतकंच जमिनीचं भय असतं.

जोशुआला मात्र जमिनीनेच गाठलं. 8 डिसेंबर 1982 च्या रात्री मेक्सिकोच्या काबो सान लुकासला वादळ झालं आणि नांगरावर असलेल्या अनेक नावा किनाऱ्यावर फेकल्या गेल्या. जोशुआ त्यांत होती. डोलकाठ्या गेल्या, आत वाळू भरली, पत्रा चेपला. पण सांगाडा फुटला नाही. म्वातेसियेकडे दुरुस्तीचे पैसे नव्हते. त्याने ती नाममात्र किमतीला दोघा तरुणांना देऊन टाकली. त्यांनी ती उभी केली. 1990 मध्ये फ्रान्सच्या ला रोशेलच्या सागरी संग्रहालयाने ती विकत घेतली आणि 1993 मध्ये तिला राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षण मिळालं. तिथे ती शोभेला बांधलेली नाही, तिला समुद्रावर नेतात. वाळूत गेलेली लाकडी नाव इतक्या वर्षांनी अशी चालती करता आली नसती. अगदी सागवानीसुद्धा.

*

सुहैलीचा आराखडा पुन्हा एकदा कसाला लागला तो 2018 साली, आणि तेव्हा तो गोव्यातून आला. पहिल्या शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त भरवलेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत 1988 पूर्वी आखलेल्या, लांब कण्याच्या, 32 ते 36 फुटी नावांनाच प्रवेश होता. उपग्रहावर चालणारी दिशादर्शक साधनं वापरायला बंदी. जोशुआ या मापात बसत नाही, तिच्यासारख्यांसाठी वेगळा गट होता. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी उतरले ते सुहैलीच्या प्रतिकृतीतून, 'थुरिया'मधून. ती बांधली दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या चिकाटीतून उभ्या राहिलेल्या 'सागर परिक्रमा' मोहिमेची 'म्हादेई' ही नावही याच कारखान्याची. 'म्हादेई'मधूनच दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय होण्याचा मान मिळवला, आणि 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी यांनी न थांबता तीच फेरी पुरी केली.

थुरियाचा आकार सुहैलीचा, पण घडण आजची. सुट्या फळ्या आणि कापसाने भरलेल्या फटी यांच्याऐवजी लाकडाचे थर इपॉक्सीने चिकटवून एकसंध केलेले. म्हणजे सुहैलीचा दुखरा भाग मुळातच गेला. 21 सप्टेंबर 2018 ला पर्थपासून सुमारे 1,900 सागरी मैलांवर, हिंदी महासागराच्या दक्षिणेला, सत्तर नॉटांच्या वाऱ्यात आणि चौदा मीटरपर्यंतच्या लाटांत ती पूर्ण उलटली. डोलकाठी मोडली, टॉमी यांच्या पाठीला जबर इजा झाली. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिनच्या केचची आधी मागची आणि मग मोठी डोलकाठी गेली. तरीही मोडक्या सामानावर तात्पुरतं शीड उभारून तो टॉमींच्या दिशेने निघाला. 24 तारखेला ओसिरिस या फ्रेंच मासेमारी-गस्ती नौकेने टॉमींना आणि त्यानंतर मॅकगकिनलाही उचललं. थुरियाचा सांगाडा तोवर तरंगत होता. मोडली ती वरची रचना, खालची नाव नव्हे.

या शर्यतीत पहिल्या आलेल्या ज्याँ-ल्यूक व्हान देन हीदची नाव एका डोलकाठीची, रसलर 36. 2022 च्या शर्यतीला टॉमी परत आले तेव्हा त्यांनीही रसलर 36 घेतली आणि दुसरे आले. यावरून केचचे दिवस गेले असा निष्कर्ष काढणारे आहेत, आणि शर्यतीपुरता तो खरा आहे. शिडं गुंडाळणारी भरवशाची यंत्रं आणि बळकट चक्रं आली, अॅल्युमिनियमच्या हलक्या काठ्या आल्या, आणि एक मोठं शीड एकट्याने आवरणं पूर्वीइतकं अवघड राहिलं नाही. केचची मुख्य सबबच संपली. तरी हिंडायला निघालेल्या, घाई नसलेल्या, चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या जोडप्याने केच घ्यावी असं मला अजून वाटतं. वादळात मधलं शीड उतरवून निवांत बसता येतं, बंदरात मागच्या छोट्या शिडावर नाव वाऱ्याला तोंड करून शांत उभी राहते, आणि एक काठी गेली तर दुसरी उरते.

कुठली घ्यावी? मी जोशुआच्या बाजूने आहे. सुहैलीसारखी नाव त्याने घ्यावी ज्याच्या हातात सुताराची कला आहे आणि जो तिला वर्षभर पाण्यात ठेवणार आहे. कोकणात तसा माणूस अजून भेटेल, पण तशा नावेला लागणारा साग आज कुठल्या भावाने मिळतो हे आधी विचारून यावं. पोलादी नाव पाच-सहा वर्षं दुर्लक्ष केलं तरी सांधता येते. वेल्डिंगवाला मालवणात आहे, मोंबासात आहे, पापीतीतही आहे. तिचा शत्रू उघड्यावर नसतो. तो आत असतो: फर्निचरच्या मागे, तळाशी साचलेल्या पाण्यात, उष्ण दमट हवेत पत्र्याच्या आतल्या बाजूने ओघळणाऱ्या घामात. विकणारा माणूस बाहेरचा चकचकीत रंग दाखवेल. आपण तळाच्या फळ्या उचलायच्या, आतल्या बाजूने हातोडीने ठोकत जायचं, शंका आली तिथे पत्र्याची जाडी यंत्राने मोजून घ्यायची. जिथे आतलं अस्तर काढून दाखवायला मालक तयार नसेल तिथून परत यायचं. आणि केच बघताना वर मान करून एक गोष्ट जरूर बघायची. दोन डोलकाठ्यांची टोकं एकमेकींना जोडणारी तार असेल तर एक काठी पडताना दुसरीलाही ओढून घेते, आणि मग केच घेण्याचं निम्मं कारण संपतं. नाव बाकी पसंत असेल तर किंमत ठरवतानाच सांगायचं की ती तार काढून दोन्ही काठ्या स्वतंत्र ताणून हव्यात, आणि तो खर्च विकणाऱ्याचा.